लालबागच्या मसाला गल्लीतलं कांडप: यंदाचा अनुभव

दर एप्रिलला मी डोंबिवलीहून मसाल्यासाठी लालबागलाच येते. यंदा 5 किलो मिरची घेतली. ब्याडगी जास्त, संकेश्वरी बेताची, काश्मिरी रंगापुरती. धणे, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ त्याच दुकानातून. देठं काढणाऱ्या मावशींनी काळपट मिरच्या निवडून पोऱ्याच्या हातात परत दिल्या, "ताईंच्या मसाल्यात ह्या नको." भाजणी मंद आचेवर, खसखस शेवटी वेगळी. डंकावरून, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावरून, उतरलेला मसाला हाताला कोमट लागत होता. घरी पहिलं कालवण केलं, तेव्हा माझ्या आईच्या हातचा रंग आला.

रांग मात्र फार. साडेतीन तास लागले, टेकायला जागा नाही. कांडपाच्या दराची पाटी लावायलाच हवी.

पिशव्यांवर नावाची चिठ्ठी लावून मी मधल्या वेळात चिंचपोकळीला माहेरच्या चाळीत जाऊन आले. पर्स पिशवीतच राहिली होती. परतले तर मावशी ती मांडीखाली घेऊन बसलेल्या.

रांगेत नव्या टॉवरमधली एक मुलगी होती. म्हणाली, "काकू, पूर्वी इथे गुंडगिरी होती ना? टॉवर आले आणि एरिया सुधारला." गुंडगिरी होती, ते खरं. पण ती कुठून आली हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या मजल्यावरचा कबड्डीत चढाई गाजवणारा पोरगा टोळीत गेला तो त्यानंतर. गिरणीचा भोंगा वाजत असता तर तो बापासारखा बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, कामाला लागला असता. आणि 1994 मध्ये सुनीत खटाव यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या भायखळ्याच्या गिरणीच्या जमिनीचाच प्रश्न पेटला होता. टॉवर उभे राहिले ते गिरण्यांच्या अशाच जमिनींवर. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग मावशींशेजारी बसून देठं काढू लागली.

मिरचीचा ठसका वरच्या मजल्यांपर्यंत जातो म्हणून तक्रारी येतात, असं दुकानदार सांगत होते. डंक इथून हलवू नयेत. त्या मावशींचं पोट त्यावर आहे, आणि गल्लीवर लक्षही त्यांचंच असतं.

जायचं तर सकाळी लवकर जा, मिरची आधी कडक उन्हात वाळवून न्या आणि सुती पिशव्या घरूनच घ्या.