डबल क्लचच्या ट्रॅक्टरचा आठ महिन्यांचा अनुभव: पीटीओ सुटत नव्हता, दोष पिनेत निघाला

इंजिनाची ओढ, डिझेलचा खर्च आणि हायड्रॉलिकची उचल यांबद्दल माझी तक्रार नाही. गेले तीन आठवडे मात्र या ट्रॅक्टरच्या पीटीओपायी, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टपायी, मी हैराण झालो होतो. डबल क्लचमध्ये एकाच पायडलचे दोन टप्पे असतात: अर्ध्या दाबाला चाकांचा क्लच सुटतो, पूर्ण दाबाला पीटीओचा.

रोटाव्हेटर चालू असताना पायडल तळापर्यंत दाबून पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला ओढला, तर तो जागचा हलेना. इंजिन बंद करून चावी काढली आणि शाफ्ट हाताने किंचित मागेपुढे केला, तेव्हा तोच लिव्हर अलगद सुटला. सेवा केंद्राने ट्रॅक्टर न पाहताच सांगितले की क्लच प्लेट गेली आहे आणि ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल. त्या दिवशी मी या ट्रॅक्टरची बांधणीच वाईट ठरवून मोकळा झालो होतो. ते मत आता मागे घेत आहे.

प्लेट झिजली की क्लच घसरतो आणि पायडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल) कमी होत जातो. माझ्या ट्रॅक्टरचा फ्री प्ले उलट वाढला होता: पुस्तिकेत 20 ते 25 मिमी दिला आहे, मोजला तर 45 मिमी भरला. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून चिकटते, हीही शंका घेतली. पण हा ट्रॅक्टर तर रोज चालत होता.

मग रोटाव्हेटरचा जोडशाफ्ट काढला, इंजिन बंद असतानाच पीटीओ जोडला आणि इंजिन सुरू करून पायडल तळाला टेकवले. अर्ध्या दाबाला गिअर सहज पडत होते, म्हणजे चाकांचा क्लच सुटत होता. पूर्ण दाबाला मात्र पीटीओ फिरतच राहिला. (540 आरपीएम म्हणजे सेकंदाला 9 फेरे, तो हाताने किंवा काठीने थांबवून पाहण्याचा विचारही कोणी करू नये.) पीटीओचा क्लच सुटत नसल्याने स्प्लाइनवर (शाफ्टच्या एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांवर) भार कायम राहत होता आणि त्या भाराखाली लिव्हर सरकणे शक्यच नव्हते.

दोष पायाखालीच सापडला. पायडल आणि रॉड जोडणाऱ्या पिनेला नख अडकेल एवढी खाच पडली होती आणि ती बसते ते भोक लांबट झाले होते, त्यामुळे पायडलची बरीचशी चाल तिथेच वाया जाऊन दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नव्हती. पिन आणि रॉडचे टोक बदलले, फ्री प्ले 22 मिमीवर आणला. तो शून्यावर आणण्याचा मोह टाळावा, कारण मग क्लच सोडवणारे बेअरिंग सतत टेकून राहते, क्लच घसरतो आणि चांगली प्लेट जळते.

तरीही एक तक्रार मी सोडणार नाही. ही पिन थेट चिखलाच्या माऱ्यात आहे, तिला ग्रीस निप्पल नाही आणि पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही. आता दर आठवड्याला मी तिला तेल देतो. दुरुस्तीनंतरच्या चाळीस तासांत लिव्हर एकदाही अडलेला नाही.