कोथरूडचं क्लाउड चेंबर वर्कशॉप – सायन्सच्या शिक्षकांनी जाऊन याच

गेल्या रविवारी कोथरूडला शिक्षकांसाठी एक दिवसाचं वर्कशॉप होतं, किरणोत्सार डोळ्यांनी दाखवायचं साधन, म्हणजे क्लाउड चेंबर, घरच्या घरी कसं बनवायचं त्याचं, मी जाऊन आले. इतकी वर्षं मी हा धडा फळ्यावर अल्फा बीटा गॅमाचे तीन बाण काढूनच शिकवलाय, त्यामुळे खरंच काही दिसेल असं वाटलं नव्हतं.

सामान अगदी साधं. रुंद तोंडाची काचेची बरणी, तिच्या बुडाला आतून फेल्ट (बोहरी आळीत मिळून जातं), झाकणाला काळा कागद, फेल्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायचं, बरणी उलटी करून ड्राय आइसवर (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ठेवायची आणि खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारायचा. दहा मिनिटं नुसतं धुकं, मग एकदम एक बारीक पांढरी रेघ उमटली आणि विरून गेली, मग दुसरी. विमान गेल्यावर आभाळात रेघ राहते ना तसंच, कण दिसत नाही पण त्याच्या वाटेवर वाफेचे थेंब धरतात. क्लाउड चेंबर बनवणाऱ्या विल्सन या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये असेच माग टिपले होते. नंतर वेल्डिंगवाल्याकडची लाल टोकाची टंगस्टन कांडी आत ठेवली, तिच्यात साधारण २ टक्के थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, तर कांडीपासून आखूड जाड रेघा फुटायला लागल्या, त्या अल्फा कणांच्या. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मेंटलमध्येही थोरियम असतं, पण ते मुद्दाम टाळलं कारण त्याचा भुगा होतो आणि तो श्वासातून आत जाऊ शकतो, हे मला फार आवडलं.

तक्रार एकच पण मोठी. अल्कोहोल मेडिकलमधलं ७० टक्केवालं आणलेलं, त्यात पाणी, त्यामुळे पहिला दीड तास कोणाच्याच बरणीत काही दिसेना, शेवटी ९९ टक्केवालं मागवलं तेव्हा जमलं, तोवर अर्धा ड्राय आइस उडून गेलेला. बाकी शिकवणं उत्तम, ड्राय आइस उणे ७८ अंश असतो म्हणून जाड हातमोजे, खिडक्या उघड्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अजिबात भरायचा नाही, हे तीनदा बजावलं.

बुधवारी नववीच्या वर्गात केलं. कांडी काढून घेतल्यावरही अधूनमधून रेघा येतच होत्या तर एक मुलगी म्हणाली, बाई, आता आत काहीच नाही मग हे कुठून येतंय? वरून, आकाशातून कण येत असतात, म्हटलं, आणि आत्ता तुझ्या तळहातातूनही जातायत. ती कितीतरी वेळ हात उघडा धरून बघत होती.

फी ६०० रुपये, बरणी घरी न्यायला मिळते. जाणार असाल तर अल्कोहोल किती टक्क्यांचं आणलंय ते आधी फोन करून विचारा.