गाडी रिच चालते आहे: सेटिंग, रिपेअर किट की नवा कार्बुरेटर?

१ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींमधून हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे आज ज्या स्प्लेंडर, पल्सर, बुलेट किंवा आरएक्स १०० चा कार्बुरेटर रिच झाल्याची, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देत असल्याची तक्रार येते, ती गाडी काही वर्षे वापरलेली असणार हे गृहीत धरावे. अशा गाडीच्या मालकापुढे तीन मार्ग असतात: आहे त्याच कार्बुरेटरचे सेटिंग करणे, रिपेअर किट टाकणे किंवा कार्बुरेटरच बदलणे. माझे मत असे, की पहिला मार्ग गरजेपेक्षा जास्त वेळा आणि तिसरा घाईने निवडला जातो. बहुतेक जुन्या गाड्यांचे खरे उत्तर मधल्या मार्गात असते, मात्र त्यासाठी दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवावे लागते.

प्लग कोरडा आणि काजळीने काळा पडणे, सायलेन्सरमधून काळा धूर येणे, ॲव्हरेज घसरणे आणि थंड इंजिनावर ठीक चालणारी गाडी तापल्यावर अडखळणे, ही रिच मिश्रणाची लक्षणे आहेत. प्लग तेलकट ओला असेल आणि धूर निळसर असेल, तर कार्बुरेटरला हात लावू नये, कारण फोर-स्ट्रोक गाडीत तो दोष रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा असतो. खात्रीसाठी एक सोपी चाचणी आहे. इंजिन तापलेले आणि चालू असताना पेट्रोलचा कॉक बंद करावा. कार्बुरेटरच्या तळाच्या वाटीतील पेट्रोलची पातळी उतरत जाते तसे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होते, आणि बंद पडण्यापूर्वी इंजिन काही क्षण अधिक स्वच्छ चालले, तर मिश्रण रिच होते असे समजावे. त्याआधी एअर फिल्टर तुंबलेला नाही आणि चोक पूर्ण परत जातो आहे, एवढे पाहून घ्यावे, कारण या दोन्हींपैकी काही निघाले तर तिन्ही मार्गांचा खर्च वाचतो. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (ओढीवर) आपोआप उघडणारा कॉक असलेल्या गाडीत त्याचा पडदा फाटला, तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इंजिनात ओढले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतरचा प्रश्न असा, की गाडी किती थ्रॉटलवर, म्हणजे मूठ किती फिरवल्यावर रिच होते? जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग आणि निडल म्हणजे निडल जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई. बंद थ्रॉटलपासून सुमारे एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि स्क्रूचा अंमल असतो, साधारण एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश या टप्प्यात निडल व निडल जेटचा आणि त्यापुढे मेन जेटचा. मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर टेपच्या खुणा केल्या की हे मोजणे अवघड राहत नाही. सगळ्याच टप्प्यांवर रिच असेल, तर फ्लोटच्या, म्हणजे वाटीत पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या पातळीवर संशय घ्यावा.

सेटिंगचा मार्ग स्वस्त आहे, पण त्याची कक्षा अरुंद आहे. स्क्रू कोणत्या बाजूला आहे हे पाहिल्याशिवाय तो फिरवू नये. फिल्टरच्या बाजूचा एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण लीन होते, तर इंजिनाच्या बाजूचा मिक्सचर स्क्रू बाहेर काढला की ते उलट अधिक रिच होते. मिकुनी या कार्बुरेटर कंपनीच्या व्हीएम जातीच्या, म्हणजे आरएक्स १०० किंवा जुन्या बुलेटवरच्या कार्बुरेटरला एअर स्क्रू असतो आणि तो साधारण दीड फेरा उघडा ठेवून सुरुवात करतात. तीन फेरे उघडूनही आयडलिंग सुधारत नसेल, तर तो सेटिंगचा प्रश्न उरलेला नाही. मधल्या टप्प्यावर रिच असेल, तर निडलची क्लिप एक खाच वर चढवावी, म्हणजे निडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होते. पल्सरसारख्या सीव्ही कार्बुरेटरमध्ये (ज्यात हवेचा मार्ग उघडणारी स्लाइड केबलऐवजी व्हॅक्यूमने उचलली जाते) अनेकदा निडलला खाचाच नसतात, त्यामुळे तिथे हा उपाय मुळातच मिळत नाही.

रिच गाडीवर लहान मेन जेट टाकून देण्याची पद्धत मला मान्य नाही. पितळी जेटचे भोक पेट्रोल वाहून मोठे होत नाही, ते मोठे होते कोणी तार घालून साफ केले तर. जी गाडी कंपनीच्याच जेटवर वर्षानुवर्षे नीट चालली ती आज रिच झाली असेल, तर बदललेली गोष्ट दुसरीच आहे, आणि जेट लहान केल्याने ती झाकली जाऊन पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण लीन होते. टू-स्ट्रोकमध्ये याची किंमत पिस्टन जॅम होऊन मोजावी लागते. शिवाय २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिश्रणाला मुळातच थोडे लीनकडे नेते. त्या इंधनावरही गाडी रिच चालत असेल, तर झिजेचा संशय अधिकच बळावतो.

झिजणारे भाग मोजकेच आहेत. फ्लोटच्या व्हॉल्व्हच्या टोकावर रिंगण उमटते, तो घट्ट बसत नाही आणि पातळी चढते. याची परीक्षा वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून, ती वर धरून करता येते. चोकच्या प्लंजरचा रबर कडक होतो आणि चोक बंद असतानाही पेट्रोल झिरपते. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे निडल जेट: निडल सतत घासून त्याचे गोल भोक लंबगोल होते, मधल्या थ्रॉटलवर गाडी रिच होते आणि क्लिप कितीही वर चढवली तरी समाधान होत नाही. किट काहीशे रुपयांत मिळते व त्यात व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि बहुधा निडल असते, पण निडल जेट असेलच असे नाही, म्हणून विकत घेताना विचारून घ्यावे. स्वस्त किटमधल्या निडलचा उतार मूळ निडलशी जुळत नाही असाही अनुभव येतो. तेव्हा निडल आणि निडल जेट शक्यतो मूळ कंपनीचेच, जोडीने बदलावेत आणि किटमधले इतर भाग वापरावेत. जेट निवडतानाही आकडे कंपनीनुसार पाहावेत, कारण केहिन या दुसऱ्या कंपनीचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, तर मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा आकडा प्रवाह सांगतो.

नवा कार्बुरेटर घ्यावा तो बॉडीच बिघडल्यावर: आटे गेले असतील, पृष्ठभाग वाकला असेल किंवा साचलेल्या पाण्याने आतले मार्ग गंजून बुजले असतील तेव्हा. मूळ कंपनीचा मिळाला तर किटच्या कित्येक पट पैसे लागतात, पण वर्षानुवर्षांची निश्चिंती मिळते. नकली कार्बुरेटर दिसायला तोच असतो, मात्र त्याचे जेट आणि स्लाइडचा काप तुमच्या इंजिनासाठी ठरवलेला नसतो, त्यामुळे बसवल्यावर सेटिंगचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणारा वापरलेला कार्बुरेटर बॉडीसाठी घेण्यास हरकत नाही, परंतु त्याचे निडल जेट तुमच्या गाडीतल्याइतकेच झिजलेले असू शकते.

केवळ उंचीमुळे गाडी रिच होत असेल, तर यांतले काहीच खरेदी करू नये. सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास ३० टक्के कमी असते. केबलने स्लाइड उचलणाऱ्या कार्बुरेटरला हा फरक उमगत नाही, त्यामुळे क्लिप एक खाच वर चढवून जाणे आणि परतल्यावर ती मूळ जागी आणणे योग्य ठरते. सीव्ही कार्बुरेटर हा फरक काही अंशी आपोआप भरून काढतो. महाबळेश्वरच्या उंचीवर मात्र दोन्ही प्रकारांत काहीही बदलण्याची गरज नाही.

कोणताही मार्ग निवडला आणि त्याआधी कार्बुरेटर ओव्हरफ्लो होत असेल, तर डिपस्टिकचा (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीचा) वास घ्यावा. पेट्रोलचा वास आल्यास इंजिन ऑइल त्याच दिवशी बदलावे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करत नाही.