लाल खुणा दाखवून त्यानं ५३,९९९ रुपये नेले

आईच्या पंच्याहत्तरीला चार दिवस उरले होते आणि व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या संध्याकाळी सहाव्यांदा आपोआप बंद पडलं. एक्स्पोर्ट सुरू केलं की पट्टी सरकायची, कधी वीस टक्क्यांवर, कधी साठ टक्क्यांवर खिडकी गोठायची आणि दुसऱ्या क्षणी नुसता डेस्कटॉप समोर. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फरक शून्य.

तो व्हिडिओ माझ्यासाठी काय होता हे आधी सांगते, कारण माझी घाई त्यातून आली होती. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेतल्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात गेला. कपाटातले सगळे अल्बम, लग्नाचे फोटो, बाबांचे तरुणपणीचे फोटो चिखलात एकमेकांना चिकटले ते सुटलेच नाहीत. बाबा त्याआधीच गेले होते. उरले ते नातेवाइकांच्या फोनमधले तुकडे. वर्षभर मागून मागून मी ते गोळा केले होते. त्यात गणपतीच्या आरतीची ३८ सेकंदांची एक क्लिप आहे, बाबा टाळ वाजवता वाजवता कॅमेऱ्याकडे बघून हसतात. आईनं ती पाहिलेली नव्हती.

डोंबिवलीच्या घरात त्या दिवशी मी एकटी होते. मुलगी क्लासला, नवरा कामानिमित्त बाहेरगावी. मी मोबाईलवर सॉफ्टवेअरचं नाव टाकलं आणि पुढे ‘क्रॅश कस्टमर केअर नंबर’ असं लिहिलं. सगळ्यात वर टोल फ्री नंबर आला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं, म्हणजे ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती. मी ते अक्षर वाचलंच नाही. सॉफ्टवेअरचं नाव बरोबर, चिन्ह बरोबर, मग फोन लावला.

पलीकडचा माणूस छान मराठी बोलत होता. हिंदी किंवा इंग्रजीत बोलला असता तर कदाचित मी सावध झाले असते. ‘ताई, घाबरू नका, तुमचा प्रोजेक्ट कुठे जात नाही, आईंचा वाढदिवस व्यवस्थित होईल,’ असं म्हणाला. आईचा वाढदिवस आहे हे मीच त्याला पहिल्या मिनिटात सांगितलं होतं. मग दूरवरून स्क्रीन दिसणारं एक ॲप घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी क्रमांक मी वाचून दाखवला, आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण त्याच्या हातानं हलायला लागला.

त्यानं मला तीन गोष्टी दाखवल्या. प्रत्येकीबद्दल नीट सांगते, कारण तुम्हालाही हेच दाखवतील.

पहिली, इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजमध्येच असलेली ही नोंदवही. त्यात त्यानं यादी उघडली आणि लाल वर्तुळं, पिवळे त्रिकोण भराभर खाली सरकवले. ‘बघा ताई, एवढ्या एरर. हे सगळं इन्फेक्शन आहे.’ यादी संपतच नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. खरी गोष्ट अशी की अगदी ठणठणीत कॉम्प्युटरमध्येसुद्धा ही यादी लाल-पिवळ्या खुणांनी भरलेली असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, तरी तिथे नोंद होते. तुमच्याकडे आत्ता कॉम्प्युटर असेल तर उघडून बघा, तुमच्याकडेही दिसतील.

दुसरी, काळी खिडकी. म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायची जागा. तिच्यात त्यानं ‘नेटस्टॅट’ ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा टाइप केली. आकड्यांच्या ओळी आल्या, वर ‘फॉरेन ॲड्रेस’ असा मथळा आणि शेजारी ‘एस्टॅब्लिश्ड’. तो म्हणाला, ‘परदेशातून कोणीतरी आत्ता तुमच्या सिस्टीममध्ये बसलंय.’ फॉरेन या शब्दाचा तिथे परदेशाशी काही संबंध नाही. तुमच्या कॉम्प्युटरनं ज्याच्याशी जोडणी केली आहे त्या पलीकडच्या टोकाला तिथे फॉरेन म्हणतात, मग ते टोक मुंबईत का असेना. ब्राउझर उघडा असला तरी अशा डझनभर ओळी दिसतात. आणि त्या वेळी खरोखर कोणी आत बसलेलं असेल तर तो फोनवरचा माणूस होता.

तिसरी सगळ्यात वाईट. त्याच काळ्या खिडकीत त्यानं ‘ट्री’ असं काहीतरी टाइप केलं. फोल्डरांची नावं पावसाच्या धारेसारखी खाली धावायला लागली. ‘स्कॅन चालू आहे,’ तो म्हणाला. धावणं थांबलं आणि शेवटी इंग्रजीत ओळ दिसली: ११४ व्हायरस सापडले. नंतर मी हीच आज्ञा स्वतः देऊन पाहिली. ती फक्त फोल्डरांची यादी दाखवते, ती काही तपासत नाही आणि शेवटी अशी कुठलीही ओळ येत नाही. ती ओळ त्यानं तिकडून कळफलकावर टाइप केली होती आणि एंटर दाबलं नव्हतं, इतकंच. नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की ती ओळ ‘>’ या खुणेच्या पुढे उभी आहे, म्हणजे जिथे आपण टाइप करतो तिथे.

मग पैशांचं. ‘एक वर्षाचा सपोर्ट प्लॅन ४,९९९ रुपये, आत्ताच्या आत्ता दुरुस्ती.’ स्क्रीनवर क्यूआर कोड आणला. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव यायला हवं होतं, आलं एका व्यक्तीचं. मी विचारलं. ‘आमचे अकाउंट्सचे सर आहेत ताई.’ मी पिन टाकला.

दोन मिनिटांनी तो म्हणाला की पेमेंट त्यांच्याकडे दिसत नाही, अडकलंय, पुन्हा कापलं जाऊ नये म्हणून मोबाईलवरही तेच ॲप घ्या. घेतलं. मग म्हणाला, कॉम्प्युटरवर नेट बँकिंग उघडून पैसे गेलेत का तेवढं बघा, पासवर्ड मला सांगू नका, तो तुमचा तुम्हीच टाका. या वाक्यानं माझा उरलासुरला संशय गेला. पासवर्ड नको म्हणणारा माणूस चोर कसा असेल असं वाटलं. पण त्याला पासवर्ड नकोच होता, मी आत शिरून दिलेलं उघडं खातं हवं होतं. मी लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली. ‘डीप स्कॅन लागलाय. चाळीस मिनिटं कॉम्प्युटरला आणि मोबाईलला हात लावू नका, मोबाईल पालथा ठेवा, नाहीतर फाइली उडतील.’ अशा ॲपमध्ये मालकाची स्क्रीन काळी करून मागे काम करता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ओटीपी माझ्या मोबाईलवर येत होता आणि मोबाईल त्याला दिसत होता.

मी देवापुढे दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागले. ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

साडेआठला मुलगी आली. काळी स्क्रीन पाहून तिनं विचारलं, मी सांगितलं, आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, वायफायचंही केलं. मोबाईल सुलटा केला. ८ वाजून ७ मिनिटांचा मेसेज: खात्यातून ४९,००० रुपये वजा.

पुढचं आम्ही जे केलं ते सांगते, कारण इथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं. मुलीच्या फोनवरून आधी बँकेला फोन केला, नंबर डेबिट कार्डाच्या मागचा घेतला, नेटवर शोधला नाही. नेट बँकिंग, कार्ड, यूपीआय सगळं बंद करायला लावलं. लगेच १९३० वर फोन केला. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम विचारली आणि तक्रारीचा क्रमांक मिळाला. त्याच रात्री केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरले. पासवर्ड बदलले तेही मुलीच्या फोनवरून, कारण माझी दोन्ही यंत्रं अजून त्याच्या हातात असू शकत होती.

इतक्या घाईचा उपयोग झाला तो असा: माझे पैसे ज्या खात्यात गेले तिथले २१,३०० रुपये गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे गेले होते. ती गोठवलेली रक्कमसुद्धा सहज मिळाली नाही. पोलीस ठाण्याचे कागद, न्यायालयाचा आदेश, पाच महिने. पण मिळाली. अर्ध्या तासानं उशिरा फोन केला असता तर तीही गेली असती.

बँकेत मी भांडायला गेले होते. शाखेतल्या मॅडमनी शांतपणे समजावलं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यात, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही असा प्रकार असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नसे. पण ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणानं पैसे गेले तर बँकेला कळवण्याच्या आधीचं नुकसान ग्राहकाचं, नंतरचं बँकेचं असे. माझे पैसे कळवण्याच्या आधी गेले होते. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेनं अशा स्क्रीन ताब्यात घेणाऱ्या ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, हेही मला तिथेच कळलं. निष्काळजीपणा हा शब्द मला फार लागला. मी काळजीपोटीच फोन केला होता.

आता मूळ दुखणं. कॉम्प्युटर जिथे जोडून घेतला होता त्या स्टेशनजवळच्या दुकानात तो नेला. तिथल्या मुलानं सगळ्यात आधी काय उघडलं असेल? तोच इव्हेंट व्ह्यूअर. मला तर ती खिडकी बघूनच धडकी भरली. त्यानं लाल खुणांच्या गर्दीकडे बघितलंच नाही. ‘काकू, शेवटचं बंद पडलं ते किती वाजता?’ एवढंच विचारलं, ॲप्लिकेशनच्या नोंदीत त्या वेळेवर गेला, क्रमांक १००० ची एक नोंद उघडली. तिच्यात एडिटिंग सॉफ्टवेअरचं नाव होतं आणि खाली ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे जिथे बिघाड झाला तो भाग, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड विंडोजकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल. सहाही वेळच्या नोंदी त्यानं मला दाखवल्या, सहांतही तीच फाइल. म्हणजे ज्या यादीची भीती दाखवून मला लुटलं, माझं उत्तर त्याच यादीत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलेलं होतं.

त्यानं तो ड्रायव्हर पूर्ण काढून आधीची आवृत्ती टाकली. २४० जीबीच्या सी ड्राइव्हमध्ये जेमतेम ६ जीबी जागा उरली होती, सॉफ्टवेअरची कॅशच, म्हणजे त्यानं साठवलेल्या तात्पुरत्या फाइलीच, ७० जीबीवर गेल्या होत्या. त्या पुसून कॅशची जागा डी ड्राइव्हवर नेली. तो सांगत होता, दर वेळी टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीनं लावतात त्या पट्टीवर, त्याच जागी बंद पडत असेल तर संशय तिथल्या क्लिपवर घ्यायचा. वेगवेगळ्या जागी बंद पडत असेल तर ड्रायव्हर, रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामाची मेमरी, नाहीतर तापलेलं यंत्र. रॅम तपासायचं साधन विंडोजमध्येच आहे, फुकट. बाबांच्या क्लिपमध्ये आवाज पुढे आणि टाळ मागे पडत होते, कारण फोन फ्रेमचा वेग सारखा कमीजास्त करत चित्रण करतो. ‘हँडब्रेक’ नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं ती स्थिर फ्रेम रेटमध्ये, म्हणजे फ्रेमचा वेग सगळीकडे सारखा, करून घेतली आणि टाळ आवाजावर आले. दुकानातून निघण्याआधी माझ्या फाइली वेगळ्या काढून विंडोज नव्यानं टाकून घेतलं, कारण त्या माणसानं मागे काय ठेवलंय याची खात्री कोण देणार. ड्रायव्हर शोधून बदलायचे त्यानं ४०० रुपये घेतले आणि विंडोजचे वेगळे ५००.

पंच्याहत्तरीला पंचवीस मिनिटांचा ठरवलेला व्हिडिओ अकरा मिनिटांचाच झाला. बाबांची क्लिप होती. आईनं ती तीनदा लावायला सांगितली. पैशांचं तिला आम्ही त्या दिवशी काही सांगितलं नाही.

आणखी एक. पंधरा दिवसांनी मला फोन आला, ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रोसेसिंगचे २,५०० रुपये भरा.’ रक्कम बरोबर, तारीख बरोबर, सॉफ्टवेअरचं नावसुद्धा बरोबर. एकदा फसलेल्यांची माहिती पुढे विकली जाते असं पोलीस ठाण्यात कळलं. पैसे परत देण्यासाठी पोलीस कधीही पैसे मागत नाहीत. मी फोन ठेवला, नंबर ठाण्यात दिला.

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम तेच शब्द पुन्हा शोधून पाहिले. वर दुसराच नंबर होता, डोक्यावर तेच ‘प्रायोजित’. त्या जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांतून तक्रार केली. दोन दिवसांनी तो नंबर दिसेनासा झाला. काल पाहिलं, त्या जागी तिसरा आहे. त्याचीही तक्रार केली आहे.