सांगली ते हंपी: भाड्याच्या कॅराव्हॅनचा रुपयापर्यंतचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कंपनीकडून आम्ही सहा दिवसांसाठी कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी, ड्रायव्हरसकट भाड्याने घेतली. आधी निकाल सांगते. गाडी चांगली, माणसं सरळ, बोलल्याप्रमाणे सगळं मिळालं. पाचपैकी चार तारे. पण हॉटेलचे पैसे वाचतील म्हणून कॅराव्हॅन घ्यायचा विचार करत असाल तर तो विचार सोडा, पैसे वाचत नाहीत. आमच्या घरी माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे धरलेले आहेत, दर दोन तासांनी टॉयलेट लागतं. तेवढ्यासाठी आम्ही ही गाडी घेतली आणि तेवढ्यासाठी पुन्हाही घेऊ.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत हिशेब बघते, त्यामुळे कोटेशन हातात आलं की आधी खालच्या बारीक अटी वाचते. यांच्याआधी पुण्यातल्या एका कंपनीला विचारलं होतं. दर किलोमीटरला 40 रुपये, डिझेल त्यांचं, पण रोजचे किमान 250 किलोमीटर धरणार. म्हणजे गाडी हंपीत दिवसभर झाडाखाली उभी राहिली तरी 10,000 रुपये झालेच. वर मीटर त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. पुणे-सांगली साधारण 235 किलोमीटर, जाऊन-येऊन 470. सीटवर बसायच्या आधीच 18,800 रुपयांचं अंतर आपल्या माथी. लांबच्या सहलीला गाडी आपल्याच गावातून घ्यावी, ती यासाठी.

इथे विश्रामबागेतल्या ऑफिसात त्यांनी दोन पानांचं कोटेशन दिलं. दिवसाला 7,500 रुपये जीएसटीसकट, डिझेल आपलं, दिवसाला सरासरी 200 किलोमीटरपर्यंत जादा काही नाही, त्यापुढे किलोमीटरला 15. ड्रायव्हरचा भत्ता 600. डिपॉझिट 20,000. गाडी लिटरला 9 किलोमीटर देईल असं त्यांनीच लिहून दिलं आणि तिने तेवढं दिलं. भाड्याची गाडी देणारा माणूस ॲव्हरेज फुगवून सांगत नाही, हे मला फार आवडलं.

आमचा रस्ता असा: मिरज, अथणी, विजापूर, बदामी, तिथून पट्टदकल-ऐहोळे, मग हंपी, आणि येताना गदग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. सगळं मिळून 900 किलोमीटरच्या आसपास. सहा दिवसांचं भाडं 45,000. डिझेल 100 लिटर, 92 चा भाव धरून 9,200. भत्ता 3,600. रात्री उभं राहायची जागा आणि विजेचा प्लग, पाच रात्रींचे मिळून 3,000. टोल दीड हजार. बेरीज 62,300, जेवणखाण वेगळं. हीच सहल आमच्या घरच्या गाडीने केली असती, दोन खोल्या 2,200 च्या धरल्या असत्या, तर पेट्रोल-टोलसकट 30,000 च्या आत भागली असती. दुप्पट पैसे आहेत हे, डोळे उघडे ठेवून द्यावेत.

दर ठरवताना एक बघा. 900 किलोमीटरच्या सहलीला यांचं भाडं अधिक डिझेल 54,200 होतं आणि किलोमीटरवाल्याचं किमान 60,000. पण रोज 300 किलोमीटर पळणार असाल, तर यांचे 72,400 आणि त्याचे, गॅरेजपर्यंतचं अंतर सोडून, 72,000, म्हणजे दोन्ही एकच. रोजच्या भाड्याची गाडी कमी पळणाऱ्याच्या फायद्याची. म्हणून एका गावात दोन रात्री काढा. डिझेल वाचतं, घरातलं वयस्क माणूस दमत नाही, आणि बदामीसारखं गाव सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी असं दोन्ही वेळा बघायला मिळतं. तिथल्या तिसऱ्या लेण्यात इसवी सन 578 चा शिलालेख आहे. मुलांना तो दाखवताना मागे कोणी हॉर्न वाजवून घाई करत नव्हतं, याचं सुख मोठं.

आता गाडी. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे. पाच सीट बेल्टसकट, मागे दोन माणसांचा पलंग, बसायच्या जागेची रात्री घडी उलगडून आणखी दोघांची झोपायची सोय, धाकटा मधे. छोटा फ्रीज, एक शेगडी, 5 किलोचा सिलिंडर, 100 लिटर पाण्याची टाकी, आणि आत उभं राहता येईल एवढं टॉयलेट. टॉयलेटमध्ये सासूबाईंच्या उजव्या हाताला एक आडवा स्टीलचा दांडा आहे, कमरेच्या उंचीवर, खरबरीत टेप गुंडाळलेला. ओल्या हातानेही तो निसटत नाही. हा दांडा कंपनीच्या फोटोंत कुठेच नाही. मी तर म्हणेन, जाहिरातीत पलंगाच्या आधी तो दाखवा. विजापूरला गोलघुमटाच्या आवारातून दमून आल्यावर त्या कोणाचाही हात न धरता आत गेल्या आणि बाहेर आल्या. घरातून निघाल्यापासून त्यांच्या मनावर जे दडपण होतं, ते त्या दुपारी उतरलं.

गाडी चालू असताना पलंगावर झोपू देत नाहीत. ड्रायव्हरमामांनी पहिल्याच नाक्यावर निक्षून सांगितलं, ‘‘आत्या, बेल्ट लावून बसा, टेकायचं असंल तर मी दर दीड तासाला थांबवतो.’’ आणि थांबवली. ब्रेक लागला तर झोपलेलं माणूस पुढे फेकलं जातं, तेव्हा ही अट योग्यच आहे.

एसी बॅटरीवर चालत नाही. पंखे, दिवे, फ्रीज, मोबाइल चार्जिंग एवढं बॅटरीवर होतं, एसीला बाहेरचा प्लग लागतो. हे त्यांनी आधी सांगितलेलं. आम्ही जानेवारीत गेलो, हंपीला रात्री पांघरूण लागत होतं, त्यामुळे अडलं नाही. एप्रिल-मे मध्ये नेणार असाल तर रोज रात्री प्लग मिळेल अशीच जागा आधी फोन करून ठरवा.

जागेचंच काम सगळ्यात अवघड आहे. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण वाटेत पाणी, वीज आणि मैला टाकायची सोय असलेला तळ शोधायला गेलं की हॉटेलवाल्यांच्याच पाया पडावं लागतं. आम्ही निघायच्या आधी फोन करकरून लॉजची आवारं ठरवली. बदामीला मालक आयत्या वेळी नको म्हणायला लागला. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्या जत तालुक्यातल्या, माहेरची भाषा कन्नड. पाच मिनिटं दोघं काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, पण त्याने फाटक उघडलं, 600 चे 500 केले आणि त्याच्या बायकोने कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली.

पाण्याचं सांगते. 100 लिटर म्हणजे पाच माणसांना एक दिवस, तेही 10 लिटरच्या बादलीत आंघोळ उरकली तर. रोज सकाळी टाकी भरायची सवय लावा. टॉयलेटखालची मैल्याची पेटी 20 लिटरची आहे. सगळ्यांनी वापरली तर दुसऱ्या दिवशी भरते. आमच्यात ठरलं होतं की रात्री सोडून बाकीच्यांनी पंपावरची किंवा हॉटेलची सोय वापरायची, आत फक्त सासूबाई.

आणि इथेच माझी तक्रार आहे. ही पेटी रिकामी कोणी करायची, हे दोन पानांत कुठेच लिहिलेलं नाही. मामा म्हणाले माझं काम नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांना 600 रुपये गाडी चालवायचे मिळतात. शेवटी आमच्या ह्यांनी केलं. त्यात लाज काही नाही, पण हातमोजे आणि पेटीत घालायच्या औषधाची बाटली गाडीत हवी होती. बाटली अर्धी होती, मोजे नव्हतेच. एवढ्यासाठी एक तारा कापला.

त्यांच्याकडे आपल्या गाडीमागे जोडायचा ट्रेलरही आहे, भाडं जवळपास निम्मं. आमची घरची गाडी तेवढं वजन ओढणारी नाही म्हणून घेतला नाही. घेणाऱ्याने मैदानात मागे घेण्याचा सराव करूनच निघावं. शिवाय पाणी लिटरला एक किलो भरतं, तेव्हा जड सामान चाकांच्या वर ठेवावं, मागच्या टोकाला कोंबलं की ट्रेलर डुलायला लागतो.

रात्रीचा प्रवास करू नका. गाळपाचा हंगाम असतो, अथणीच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि कितीतरींना मागे लाल दिवा नसतो. मामांनी रोज अंधार पडायच्या आत गाडी लावली. गाडीची उंची 10 फूट आहे, ती त्यांनी काचेखाली मोठ्या अक्षरात लिहून चिकटवली आहे. एका रेल्वेच्या भुयारी रस्त्याशी ते उतरले, पाटी वाचली आणि सरळ वळसा घातला. हंपीत विठ्ठल मंदिरापर्यंत कोणतीच गाडी जात नाही, तळावरून बॅटरीवरच्या गाड्या आहेत, त्यात वयस्क माणसांना बसवा.

परत आल्यावर मालकांनी गाडी आमच्यासमोर तपासली, एक खुर्ची वाकली होती तिचे 350 कापले आणि बाकी डिपॉझिट चार दिवसांत खात्यावर आलं. त्यांना एवढंच सांगणं आहे: पाण्याचा पाइप 5 मीटरचा आहे तो 15 चा करा, कारण लॉजचा नळ नेहमी लांबच्या कोपऱ्यात असतो. मागच्या खिडकीची मच्छरदाणी फाटली आहे, ती बदला. आणि मैल्याच्या पेटीचं काम ड्रायव्हरकडून करून घ्यायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे लावून कोटेशनमध्ये लिहा. आम्ही देऊ.