न्हाणीच्या पाण्यावर कसेरू: दुसऱ्या पावसाळ्यातला अनुभव

न्हाणीघराचं पाणी कोकणात केळी आणि अळवाला सोडतात. जमीन निचऱ्याची असेल तर अजूनही तेच करा, या कसेरू नावाच्या लव्हाळ्याच्या नादी लागू नका. आमच्याकडे मात्र मागच्या बाजूला पाणी मुरतच नव्हतं. केळी बुडाशी कुजल्या, वर वास. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर उथळ सिमेंटचा हौद बांधून त्यात कसेरू लावला.

हा आपल्याच ओढ्याकाठचा, पाणथळ कडेचा उंच लव्हाळा. शास्त्रीय नाव ॲक्टिनोसिर्पस ग्रॉसस. दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. नर्सरीत मागितला तर 'देशीच आहे' म्हणून अंब्रेला पाम दाखवला, तो आफ्रिका-मादागास्करचा. शेवटी ओळखीच्या शेताच्या बांधावरून गड्डे आणले.

हौदात तळाला जाड खडी, वर बारीक. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखालीच ठेवायची. उघडं पाणी नाही, म्हणून डास नाहीत. पाणी आत येण्याआधी केस आणि साबणाचा साका अडवायला जाळी हवीच, नाहीतर खडी तुंबते. आता वास गेलाय, बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, माडांना जातं.

बरंचसं काम खडीवरचे आणि मुळांवरचे जिवाणू करतात. कसेरू पाण्यातला नत्र-स्फुरद ओढून घेतो, पण वाढ कापून बाहेर काढली तरच उपयोग. तिथेच कुजू दिली की सगळं परत पाण्यात. कापलेले दांडे मी माडाच्या आळ्यात आच्छादनाला टाकते. पातीची कड हात कापते, हातमोजे घाला.

पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातो, वाऱ्याने आडवा पडतो. फुलोरा तपकिरी, शोभेचा म्हणता येणार नाही. बियांवर मनोल्या (मुनिया पक्षी) येतात, तेवढीच शोभा.

खरा धोका पसरण्याचा. जमिनीखालून धुमारे जातात, त्यांच्या टोकाला गड्डे धरतात. आग्नेय आशियात भातशेतीतलं हे त्रासदायक तण आहे. त्यामुळे मोकळ्या जमिनीत किंवा भाताच्या खाचराजवळ अजिबात नको, आणि बाहेर जाणाऱ्या नळीलाही जाळी लावा.

गड्डे काळ्या सालीचे, आतून पांढरे, खाण्याजोगे. सासूबाईंना उकडून हवे होते. न्हाणीच्या पाण्यावरचे मी दिले नाहीत. त्यांच्यासाठी विहिरीच्या पाण्यावर वेगळी बादली लावली आहे.

फ्लॅटच्या गॅलरीत हा मावणार नाही. कोणाला लावायला गड्डे हवे असतील तर देईन, आधी हौद बांधलेला दाखवा.