आइसलँडमध्ये चौघांसाठी भाड्याची फोर-बाय-फोर: हिवाळ्यातले चार दिवस

बस टूर की स्वतःची गाडी, या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: चौघं असाल आणि दोघांना तरी गाडी नीट चालवता येत असेल, तर गाडी घ्या. सेवा म्हणून तिथलं कार-रेंटल चोख आहे. गाड्या बऱ्यापैकी नव्या असतात आणि कागदपत्रांचं काम फारसं रेंगाळत नाही. पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड गुण विम्याच्या बारीक अक्षरांनी खाल्ला.

केफ्लाविक विमानतळापासून राजधानी रेक्याविक साधारण 50 किलोमीटर. सगळ्या कंपन्यांचे काउंटर टर्मिनलमध्ये नसतात, स्वस्तातल्या बऱ्याच जणांची ऑफिसं शटलने जाण्याइतकी लांब आहेत. विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर शटल तेव्हा चालू असते का हे बुकिंगच्या वेळीच विचारा. लायसन्स रोमन लिपीत असावं लागतं.

हिवाळ्यात सगळ्यात जास्त दिसणारी गाडी म्हणजे डाचिया डस्टर. चार माणसं आरामात बसतात. सामान मात्र दोन मोठ्या आणि दोन केबिन बॅगा एवढंच, त्यापुढची बॅग मांडीवर. मॅन्युअल फोर-बाय-फोरचा पहिला गिअर फारच आखूड आहे, त्यामुळे सपाटीवर आणि बर्फावर थेट दुसऱ्या गिअरमध्येच उठवा, चाकंही कमी घसरतात. गिअरची दांडी उजव्या हाताला येते. पहिला अर्धा तास विमानतळाच्या पार्किंगमध्ये घालवला तरी वाया जात नाही. खिळ्यांच्या टायरना 1 नोव्हेंबर ते 14 एप्रिल परवानगी आहे. ‘विंटर टायर’ आणि ‘खिळ्यांचे टायर’ एकच नव्हेत, म्हणून करारात नेमका शब्द बघून घ्या.

आता वारा. बर्फाची भीती सगळ्यांना असते, पण गाडीचं नुकसान बहुधा वाराच करतो, आणि तेही गाडी उभी असताना. मागून वारा आला की उघडलेलं दार हातातून हिसकावलं जातं, बिजागरी पिळवटते आणि पुढच्या फेंडरचा पत्रा चुरगळतो. साध्या सीडीडब्ल्यू विम्यात (धडकेच्या नुकसानीचा मूळ विमा) हे नुकसान सहसा धरत नाहीत. म्हणून गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा, म्हणजे वारा दार बंदच ठेवायला बघतो. एका वेळी एकच दार, एक हात हँडलवर आणि दुसरा दाराच्या कडेवर. दोन्ही बाजूंची दारं एकदम उघडायची नाहीत. चौघं मित्र एकाच दमात उड्या मारून उतरतात तेव्हा नेमकं हेच होतं.

तिथल्या अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात असतो, त्याला 3.6 ने गुणा. 15 म्हणजे ताशी 54 किलोमीटर, 20 म्हणजे 72. वीसच्या वर आकडा असेल तर हॉटेलातच पत्ते कुटा. सकाळी निघण्याआधी दोन गोष्टी बघा: वेदुर डॉट आयएसवर (vedur.is) वारा आणि उम्फेरदिन डॉट आयएसवर (umferdin.is) रस्ता. नकाशात हिरवा म्हणजे मोकळा, निळा म्हणजे निसरडा, लाल म्हणजे बंद.

विम्यात ग्रॅव्हल कव्हर घ्यावंच, समोरच्या गाडीने उडवलेला एक खडा काचेला पुरतो. वाळू-राखेचं कव्हर दक्षिण किनाऱ्यावरच्या विक गावाकडे किंवा त्यापुढे जाणार असाल तरच. गाडीच्या पोटाला लागलेला मार, नदी ओलांडताना आत शिरलेलं पाणी आणि चुकीचं इंधन यांचे पैसे कितीही महागडं पॅकेज घेतलं तरी बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातात.

रस्त्यावर मर्यादा डांबरी 90, खडीचा रस्ता 80, गावात 50. हेडलाइट दिवसाही चालूच. ‘एइनब्रेइद ब्रू’ (Einbreið brú) अशी पाटी दिसली की पूल एकपदरी, आधी पोचेल त्याचा हक्क. दुपदरी गोल चौकात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, आतल्या पदरातल्या गाडीला आधी बाहेर पडू द्यायचं असतं. इथे आपली सवय हमखास आडवी येते.

चार दिवसांत देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडचा विचारही नको, तो 1,300 किलोमीटरहून लांब आहे. गोल्डन सर्कल (रेक्याविकजवळची प्रसिद्ध ठिकाणांची फेरी) आणि दक्षिण किनाऱ्याने विकपर्यंत, इतकंच झेपतं. रेक्याविक ते विक 187 किलोमीटर. कोरड्या रस्त्याला अडीच तास, बर्फात साडेतीन धरा. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो, त्यामुळे सेल्यालांडस्फॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे बघेपर्यंत अंधार. मार्चमध्ये उजेड बारा तासांचा, बर्फही असतो आणि नॉर्दर्न लाइट्सही. आमचं मत मार्चलाच.

बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो. कार्डाला पिन लागतोच. मशीनवर ‘टाकी फुल’ निवडलंत तर मोठी रक्कम काही दिवस अडकून पडते, त्यापेक्षा ठरावीक क्रोना (तिथलं चलन) टाका. डिझेलला ‘दीसेल’, पेट्रोलला ‘बेन्सिन’. धबधब्यांच्या पार्किंगचे हजाराच्या आसपास क्रोना त्याच दिवशी ॲपवर भरा. कॅमेरा नंबर टिपतो, आणि राहिलेले पैसे कंपनी स्वतःचा सर्व्हिस चार्ज लावून वसूल करते.

गाडी ताब्यात घेताना अंधारात, ओल्या पत्र्यावर खरचटे दिसत नाहीत. पंपाच्या दिव्याखाली पूर्ण व्हिडिओ काढा, चाकाच्या रिम आणि काच जवळून. परत देताना पंपांवर फुकट धुण्याची सोय असते, पाइपलाच जोडलेला ब्रश. मात्र कडाक्याच्या थंडीत हे पाणी बंद असू शकतं, तेव्हा मळक्या गाडीचा दंड किती, हे करारात आधीच वाचलेलं बरं.